माणसं दिवसेंदिवस ढ होत चाललीत का, की मीच म्हातारा झालोय?

नटबोल्ट:

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे, नवीन पोरं आली की पहिले सहा महिने माझ्या गळ्यात. गेल्या आठवड्यात एकाला म्हटलं, ही गोल टाकी मोज आणि हिच्यात किती पाणी मावेल ते सांग. टेप लावून माप अगदी बरोबर घेतलं त्याने, व्यास दीड मीटर, उंची दोन मीटर, मग फोन काढला, टकटक केलं आणि वहीत लिहिलं ३५ लिटर. नुसतं लिहिलं नाही तर खाली दोन रेघाही मारल्या. टाकी त्याच्या डोक्याच्या वर जाते हो! मी म्हटलं अरे बाबा, दोन बादल्या ओतल्या की भरणार का ही? तर माझ्याकडे बघून म्हणतो, सर, फोनवर तेवढंच येतंय. खरं उत्तर साडेतीन हजार लिटरच्या आसपास आहे, दोन शून्यं कुठेतरी खाल्ली त्याने. शून्यं आम्हीपण खायचो, त्याचं काही नाही. पण टाकीकडे बघून मनात जी पाल चुकचुकायला हवी होती ती चुकचुकलीच नाही, ते मला खटकलं.

आता तो पोरगा ढ म्हणावा तर तसंही नाही. दुसऱ्याच दिवशी मोटरच्या ड्राइव्हचं एक सेटिंग मला दोन तास सापडत नव्हतं, मॅन्युअल घेऊन बसलो होतो चष्मा लावून, याने कुठलातरी व्हिडिओ शोधला आणि दहा मिनिटांत मशीन चालू. मी आपला मान डोलवत उभा.

आणि माझं स्वतःचं काय चाललंय ते पण सांगतो, खोटं कशाला बोलू. परवा फोन बंद पडला, शेजारच्याचा फोन मागितला बायकोला कळवायला, आणि नंबरच आठवेना! लग्नाला २४ वर्षं झाली. पहिले चार आकडे आले, पुढे अंधार. गंमत म्हणजे लहानपणी आमच्या घरी जो लँडलाइन होता त्याचा नंबर आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन, आणि तो नंबर बंद होऊन जमाना झाला.

तर प्रश्न असा की माणसं खरंच कमी हुशार होत चाललीत का? म्हणजे कोणी मोजलंय का हे नीट? यूट्यूबवर रोज एक व्हिडिओ येतो की आयक्यू घसरतोय, माणसाचं लक्ष आता गोल्डफिशपेक्षा कमी टिकतं, वगैरे वगैरे. जाणकारांनी सांगा. "आमच्या वेळी असं नव्हतं" एवढंच म्हणायचं असेल तर ते मी स्वतःला रोज म्हणतोच आहे.

सरासरी:

गोल्डफिशचं आधी निकालात काढू. ते "माणसाचं लक्ष आठ सेकंद, माशाचं नऊ सेकंद" प्रकरण २०१५ साली एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मार्केटिंग रिपोर्टातून जगभर झालं आणि मागे शोधत गेलं की हाताला काही धड लागत नाही, माणसाचं पण नाही आणि माशाचं पण नाही. सोडून द्या.

आयक्यूचं मात्र मोजलेलं आहे, भरपूर मोजलेलं आहे, आणि गोष्ट तुम्हाला वाटते त्याच्या बरोबर उलटी सुरू होते. आधी एक समजून घ्या, आयक्यू १०० म्हणजे काही मीटर-किलोसारखं ठरलेलं माप नाही. टेस्ट ज्या लोकांवर बेतली त्यांची सरासरी म्हणजे १००, बस. काही वर्षांनी टेस्ट नव्याने बेततात आणि सरासरी परत १०० वर आणून ठेवतात. त्यामुळे नुसते आकडे बघितले तर जग कायम १०० वरच उभं दिसतं. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन, राज्यशास्त्राचे प्राध्यापक बरं का, मानसशास्त्राचे नाहीत, त्यांनी जुन्या आणि नव्या टेस्ट एकाच माणसांना दिलेल्या होत्या असे रिपोर्ट गोळा केले आणि १९८४ मध्ये दाखवलं की १९३२ ते १९७८ मध्ये अमेरिकन लोकांचा स्कोअर जवळपास १४ पॉइंट वर गेलाय. म्हणजे दहा वर्षाला तीन. मग १९८७ मध्ये १४ देशांचा डेटा आणला, तिथेही तेच. याला फ्लिन इफेक्ट म्हणतात.

आता हा हिशोब मागे मागे नेला तर आजच्या मापाने १९०० सालच्या माणसाची सरासरी ७० च्या आसपास येते. म्हणजे आपले पणजोबा सगळे बुद्धीने अधू होते? फ्लिन स्वतःच म्हणायचे, असं कसं असेल, मग काय बदललं ते बघा. वाढ कशात झाली? तर आकृत्यांच्या कोड्यांत (रेव्हनच्या मॅट्रिसेस म्हणतात त्या) आणि "कुत्रा आणि ससा यांच्यात साम्य काय" असल्या प्रश्नांत. शब्दसंग्रह, सामान्यज्ञान, अंकगणित यात फारच थोडी.

यावर फ्लिन एक उदाहरण द्यायचे ते मला फार आवडतं. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात शेतकऱ्यांना प्रश्न विचारत फिरले. जिथे कायम बर्फ असतं तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोव्हाया झेम्ल्या बेटावर कायम बर्फ असतं, तर तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? शेतकऱ्याचं उत्तर साधारण असं की मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलेलं नाही, आणि जे पाहिलं नाही त्याबद्दल मी बोलत नाही. टेस्टमध्ये शून्य मार्क! पण तो माणूस मूर्ख आहे का? त्याला "समजा" म्हणून विचार करायची सवय नाही एवढंच. आपल्याला शाळेने ती लावली. तुमच्या ३५ लिटरवाल्याचं नेमकं उलटं झालंय बघा, शेतकरी डोळ्याने न पाहिलेलं मानायला तयार नाही आणि हा डोळ्यासमोर टाकी असून मानायला तयार नाही.

ठोकळा:

एवढं कशाला लिहायचं. हुशार लोकांना एक पोर, बाकीच्यांना चार. पिढ्यान्पिढ्या असं चाललं की काय होणार? गणित संपलं.

उगाचच:

आता कोणीतरी येऊन सॉक्रेटिसपण लिहिण्याच्या विरोधात होता, स्मरणशक्ती जाईल म्हणायचा, हे सांगणारच. मीच सांगून टाकतो म्हणजे पुढचे प्रतिसाद वाचतील. आणि हो, ते आपल्याला माहीत आहे कारण प्लेटोने ते लिहून ठेवलं.

खडूफळा:

मी २२ वर्षं शिकवतेय, आठवी ते दहावी, तेव्हा थोडं माझंही ऐका.

हुशारी कमी झालीये असं मला वर्गात उभं राहून कधीच वाटत नाही. पण वाचणं बदललंय हे शंभर टक्के. पूर्वी उतारा दिला की मुलं तो वाचायची आणि मग प्रश्नाकडे जायची, कंटाळत, जांभया देत, पण वाचायची. आता प्रश्न आधी वाचतात, प्रश्नातला एक शब्द उचलतात, उताऱ्यात तो शब्द कुठे आहे ते शोधतात आणि ती ओळ उतरवून काढतात. त्यांचं चुकतं असं नाही, बऱ्याचदा उत्तर बरोबरच येतं! म्हणून मी मागच्या महिन्यात एक खोडी केली, उताऱ्यात पहिल्या ओळीत एक गोष्ट सांगितली आणि शेवटच्या ओळीत "पण वरचं सगळं खोटं होतं" अशा अर्थाचं वाक्य टाकलं. ४१ पैकी ६ जणांच्या लक्षात आलं. आणि ही सहा काही पहिल्या नंबरवाली नव्हती, त्यातली दोन तर कायम मागच्या बाकावर टवाळक्या करणारी.

पंधरा वर्षांच्या मुलांची जी पिसा परीक्षा होते अनेक देशांत, तिच्यात २०१८ आणि २०२२ च्या मध्ये ओईसीडी म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांचा जो गट आहे त्याची सरासरी गणितात १५ पॉइंट आणि वाचनात १० पॉइंट खाली गेली. कोविड होता हे मान्य, पण वाचनाची घसरण त्याच्या आधीच सुरू झालेली. मोठ्यांना हसू येत असेल तर मोठ्यांचीही परीक्षा झालेली आहे, १६ ते ६५ वयाच्या लोकांची, ३१ देश, २०२३ चे निकाल. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत वाचून समजण्यात फक्त फिनलंड आणि डेन्मार्क वर गेले, बाकीचे होते तिथेच किंवा खाली. तेव्हा हे फक्त पोरांचं नाहीये. मी स्वतः गेल्या दिवाळीपासून एक जाडं पुस्तक उशाशी घेऊन झोपतेय, खूण अजून पान ६० ला आहे.

सरासरी:

@ठोकळा, हे म्हणणारे तुम्ही पहिले नाही, शंभर वर्षं लोक हेच म्हणतायत. आणि ज्या शंभर वर्षांत म्हणत होते त्याच शंभर वर्षांत स्कोअर वर जात होता, हा एक विनोद. पण आता खरंच काही देशांत खाली येतोय, तेव्हा तुमचा मुद्दा तपासून बघायला हरकत नाही, आणि तो तपासलाय.

नॉर्वेत सैन्यभरतीला जाणाऱ्या मुलांची टेस्ट व्हायची, जवळजवळ सगळ्याच मुलग्यांची, त्यामुळे डेटा भारी आहे. ब्रॅट्सबर्ग आणि रोगेबर्ग या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये तो मांडला, १९६२ ते १९९१ मध्ये जन्मलेले, सात लाखांहून जास्त. १९७५ च्या आसपास जन्मलेल्यांपर्यंत स्कोअर चढतो आणि तिथून उतरायला लागतो. आता युक्ती बघा. त्यांनी सख्ख्या भावांची तुलना केली. आईबाप तेच, घर तेच, फक्त एक आधी जन्मला आणि एक नंतर. तुमचं म्हणणं खरं असतं, म्हणजे "चुकीच्या" घरांत जास्त पोरं झाल्यामुळे सरासरी पडत असती, तर एकाच घरातल्या भावाभावांत हा उतार दिसायला नको होता. तो दिसतो, आणि एकूण उताराइतकाच दिसतो. म्हणजे कारण रक्तात नाही, बाहेर कुठेतरी आहे, शाळेत म्हणा, वाचण्यात म्हणा, मुलं वेळ कशात घालवतात त्यात म्हणा. नेमकं कशात ते या डेटातून निघत नाही.

गणित संपलं नाही, चुकलं.

ठोकळा:

बरं बाबा. भावांचं माहीत नव्हतं. माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा ढ आहेच पण ते मी आता वेगळ्या अर्थाने घेतो.

विशीतला:

काका राग मानू नका पण हे धागे वाचले की आमच्या पिढीला खरंच कंटाळा येतो. ३५ लिटर लिहिणारा तुमच्या बॅचमध्ये कोणी नव्हताच का? होता, पण त्याचं तुम्ही विसरलात कारण तो आता तुमचा मॅनेजर आहे 😄

जोक बाजूला. प्रोट्झको आणि स्कूलर या मानसशास्त्रज्ञांचा २०१९ चा पेपर आहे, अमेरिकेतल्या साडेतीन हजारच्या आसपास मोठ्या माणसांना विचारलं की आजची मुलं तुमच्या लहानपणच्या मुलांपेक्षा कशी आहेत. निघालं असं की जे स्वतः खूप वाचतात ते म्हणतात आजची मुलं वाचत नाहीत, जे स्वतः टेस्टमध्ये हुशार निघतात ते म्हणतात आजची मुलं तेवढी हुशार नाहीत. म्हणजे माणूस ज्यात तरबेज त्यातच त्याला पोरं कच्ची दिसतात, कारण लहानपणी सगळे आपल्यासारखेच होते असं त्याला आठवतं. पुढे अजून मजा, काही लोकांना मुद्दाम खोटं सांगितलं की तुमचं वाचन फार कमी निघालं, तर त्यांचं मुलांबद्दलचं मत थोडं सुधारलं!

आणि प्रोट्झकोनेच अजून एक केलंय, ते मार्शमॅलोवालं (मार्शमॅलो म्हणजे साखरेची मऊ मिठाई). लहान मुलापुढे एक ठेवायचं आणि सांगायचं की थांबलास तर दोन मिळतील, ते साठच्या दशकापासून करतायत. ५० वर्षांचा डेटा काढण्याआधी जाणकारांना विचारलं की आजची मुलं कमी थांबतील की जास्त, तर बहुतेकांनी सांगितलं की कमी तरी थांबतील नाहीतर तेवढीच. प्रत्यक्षात दर दहा वर्षांना साधारण एक मिनिट जास्त थांबतायत. मोबाइल असून. एवढं बोलून मी माझी दोन मिनिटांची रील बघायला जातो, दीडच्या स्पीडवर.

नटबोल्ट:

@विशीतला, राग कसला. मॅनेजरचं खरं आहे, नाव सांगत नाही.

पण माझी अडचण वेगळी आहे बघ. तो पोरगा कच्चा आहे असं मला म्हणायचंच नाहीये, त्याने ड्राइव्ह दहा मिनिटांत चालू केला हे मीच लिहिलंय वर. माझा प्रश्न त्या पालीचा आहे. आकडा चुकला तर चुकू दे पण तो चुकलाय याचा वास यायला नको का? आम्हाला तो वास कुठून यायचा याचा विचार केला तर मला वाटतं की कॅल्क्युलेटर एकच होता, तो साहेबांच्या टेबलावर, म्हणून आम्ही आधी तोंडी अंदाज काढायचो, दीड बाय दीड बाय दोन म्हणजे साडेचार, गोल आहे म्हणून त्याच्यातून थोडं काढ, तीन-साडेतीन घनमीटर, आणि मग साहेबांचा कॅल्क्युलेटर काही का सांगेना, तीन हजारच्या आसपास नसेल तर परत मोजायचं. आम्ही जास्त हुशार होतो म्हणून नाही करायचो, पर्याय नव्हता म्हणून करायचो. आणि आता पर्याय आहे म्हणून माझाही बायकोचा नंबर गेला, म्हणजे हा रोग मलाही झालाच आहे.

तर मग याला बुद्धी म्हणायचं की नुसती सवय म्हणायची?

रात्रपाळी:

मी डॉक्टर आहे, ड्युटीवरून लिहितेय, तुटक वाटेल.

नटबोल्ट, तुमची पाल आमच्याकडेही मरायला लागलीये आणि ते मोजलं गेलंय. आतड्याची दुर्बिणीने तपासणी करतात, कोलोनोस्कोपी, त्यात छोट्या गाठी शोधायच्या असतात ज्यांचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. पोलंडमध्ये चार ठिकाणी एआय आलं, स्क्रीनवर गाठ दिसली की ते खूण करतं. चांगलंच आहे. पण २०२५ मध्ये पेपर आला, त्यांनी बघितलं की एआय यायच्या आधी आणि सवय झाल्यानंतर, एआय बंद ठेवून केलेल्या तपासण्यांत काय होतं. गाठ सापडण्याचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांवरून २२ वर आलं. आणि हे शिकाऊ नव्हेत, प्रत्येकाने आयुष्यात २००० च्या वर तपासण्या केलेले लोक. काही महिन्यांत डोळा मंदावला. अभ्यास छोटा आहे, १९ डॉक्टर, दुसरीही कारणं असू शकतात, तरी वाचून मी माझी खुर्ची सरळ करून बसले.

यांची बुद्धी कमी झाली का? नाही. त्यांच्या डोळ्याला माहीत झालं की दुसरं कोणीतरी बघतंय.

आणि "पूर्वीची पिढी जास्त हुशार" म्हणणाऱ्यांसाठी, गाड्यांच्या पेट्रोलमध्ये शिसं घालायचे ते १९२० च्या दशकात सुरू झालं आणि जगात शेवटचं बंद झालं २०२१ मध्ये, अल्जीरियात. शिसं लहान मुलाच्या मेंदूला किती वाईट ते मी काय सांगू. अमेरिकेत हिशोब केला तर साठ-सत्तरच्या दशकात जन्मलेल्यांना सगळ्यात जास्त फटका बसलाय, म्हणजे नेमके तेच जे आज म्हणतात की पोरं बिघडली. आयोडीनचंही तसंच, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत १९२० च्या दशकात मिठात आयोडीन घालायला लागले, त्याच्या आधी आयोडीन कमी असलेल्या भागांत पिढ्यान्पिढ्या मुलांची बुद्धी खुंटायची आणि कोणाला कारण माहीत नसायचं. कच्चा माल म्हणाल तर आजचं मूल जास्त चांगलं आहे. पोट भरलेलं, लस टोचलेली, शिसं कमी.

बेल वाजली, येते.

खडूफळा:

रात्रपाळी, अंगावर काटा आला वाचून.

याच्या जोडीचंच एक शाळेतलं सांगते. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये हजारेक मुलांवर प्रयोग झाला, गणिताचा सराव करताना काहींना साधा एआय चॅटबॉट दिला, काहींना असा दिला की जो सरळ उत्तर देत नाही, नुसती दिशा दाखवतो, आणि काहींना नुसतं पुस्तक. सरावात साध्या चॅटबॉटवाली मुलं ४८ टक्के पुढे. मग परीक्षेत चॅटबॉट काढून घेतला, तर तीच मुलं ज्यांना कधीच चॅटबॉट मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे. नुसती दिशा दाखवणाऱ्यावाली मुलं मात्र पडली नाहीत. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही की जी मुलं मागे पडली त्यांना आपण मागे पडलोय असं वाटतच नव्हतं. ही तुमची पालच ना?

माझ्या वर्गात मी हल्ली एवढंच करते की उत्तर लिहायच्या आधी पेन्सिलने कोपऱ्यात अंदाज लिहायचा. चुकला तरी मार्क नाही कापत. पहिले पंधरा दिवस मुलं आधी उत्तर काढून मग अंदाज लिहीत होती, लबाड! सगळ्यांचे अंदाज इतके अचूक यायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं.

सरासरी:

बुद्धी की सवय, या प्रश्नावर तर या क्षेत्रातले लोक आयुष्यभर भांडलेत. मला विचाराल तर टेस्ट जे मोजते ते बरंचसं सवयच असतं, फक्त ती सवय इतकी खोल गेलेली असते की आपण तिला बुद्धी म्हणतो. अमेरिकेत २००६ ते २०१८ मध्ये जवळपास चार लाख लोकांच्या ऑनलाइन टेस्ट बघितल्या तर शब्दांचं लॉजिक, आकृत्यांची कोडी, अक्षरं-आकड्यांची मालिका हे सगळं खाली गेलेलं, आणि एकच गोष्ट वर, डोक्यातल्या डोक्यात त्रिमिती वस्तू फिरवून बघणं. मेंदूच बिघडला असता तर एक खाली आणि एक वर असं झालं नसतं. (नेटवर टाइमपास म्हणून टेस्ट देणारे लोक १२ वर्षांत बदललेही असतील, ते एक आहेच.)

आणि बायकोच्या नंबरबद्दल: डॅनियल वेग्नर म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं म्हणणं होतं की नवराबायको मिळून एक स्मरणशक्ती चालवतात, वाढदिवस एकाने लक्षात ठेवायचे, बिलाच्या तारखा दुसऱ्याने, आणि कोणाला काय विचारायचं एवढंच दोघांनी. २०११ मध्ये त्यांच्या टीमने दाखवलं की कॉम्प्युटरमध्ये माहिती सेव्ह होणार आहे असं सांगितलं की माणसं माहिती विसरतात पण ती कुठे ठेवलीये ते लक्षात ठेवतात. त्या पेपरातला एक प्रयोग २०१८ मध्ये दुसऱ्यांनी परत करून बघितला तेव्हा जमला नाही, तेव्हा फार ताणू नका. पण गोष्ट अशी की फोन म्हणजे घरात आलेला तिसरा माणूस आहे, आणि त्याची बॅटरी संपते.

उगाचच:

म्हणजे नटबोल्ट काकांनी बायकोचा नंबर लक्षात ठेवायची जबाबदारी बायकोच्या सवतीवर टाकली होती. बायकोला सांगितलंत का हे?

विशीतला:

😂😂 सवत! धाग्याचं शीर्षक बदला.

सिरियसली पण, ते कोपऱ्यात अंदाज लिहायचं आवडलं. मी कोडिंग करतो, एआय कोड लिहून देतं आणि मी रन करतो, चाललं तर पुढे. गेल्या आठवड्यात असंच "चाललेलं" काहीतरी चार दिवस चुकीची बेरीज करत होतं, टोटल निगेटिव्ह येत होती आणि मी रोज ती बघून पुढे पाठवत होतो. निगेटिव्ह! माणसांची संख्या होती ती. काका तुमचा ३५ लिटरवाला मीच आहे बहुतेक, वर उगाच चढून बोललो.

नटबोल्ट:

अरे असू दे, मी तर मॅन्युअलमधलं सेटिंग दोन तास चुकीच्या मॉडेलच्या पानावर शोधत होतो, ते वर लिहिलंच नाही मी.

खडूफळा बाईंचं ऐकून कालपासून पोरांना सांगितलंय, फोन काढायच्या आधी वहीत अंदाज. एकाने विचारलं, सर, अंदाज चुकला तर? मी म्हटलं, मग तुला कळेल की नाही की काहीतरी चुकलंय, अंदाजच नसेल तर कळणार कसं. तो म्हणाला, पण सर, चुकलाय तो अंदाज की फोन? बराच वेळ उभा राहिलो तिथेच. मग म्हटलं, चल टाकीपाशी.

रात्रपाळी:

ड्युटी संपली. सगळं वाचलं. बायकोचा नंबर पाठ झाला का?

नटबोल्ट:

आठ आकडे झालेत. शेवटच्या दोनांत उलटापालट होते.